अठरा मिलिमीटरांवरची नजर

लघुरेल्वेचा छंद जोपासणाऱ्यांच्या जगात छायाचित्रांचे दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात छंदिष्ट खोलीच्या दारात किंवा एखाद्या स्टुलावर उभा राहून आपला अख्खा लेआउट टिपतो; लेआउट म्हणजे लाकडी चौकटीवर प्लायवुड आणि फोमचे थर चढवून तयार केलेली जमीन आणि तिच्यावरचे रूळ, सांधे, फलाट, डोंगर, घरे यांची एकत्रित मांडणी. अशा चित्रात बोगद्याच्या वर भिंतीवरचा स्विचबोर्ड दिसतो, घाटाच्या पायथ्याशी रंगाचे डबे दिसतात आणि कोपऱ्यात घडी घातलेले इस्त्रीचे टेबलही सापडते. दुसऱ्या प्रकारात कॅमेरा रुळांच्या पातळीला उतरलेला असतो, आणि तो तसा उतरला की खोली पार नाहीशी होते. वळणावरून येणारे इंजिन पाहणाऱ्याच्या डोक्यापेक्षा उंच वाटू लागते, फलाटाच्या कडेचा हमाल खरोखर वाट पाहत असल्यासारखा दिसतो. पहिले चित्र घरच्यांना किंवा पाहुण्यांना दाखवण्यासाठी असते. दुसरे मात्र छंदिष्ट आपल्या जातकुळीतल्या माणसांपुढे ठेवतो, आणि ते ठेवताना त्याच्या मनात धाकधूक असते.

या धाकधुकीचे मूळ मापात आहे. जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘एचओ’ या मापप्रमाणात खऱ्या वस्तूचा ८७ वा भाग प्रतिकृतीत उतरतो, त्यामुळे १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस जेमतेम वीस मिलिमीटरांचा होतो आणि त्याचे डोळे जमिनीपासून सुमारे अठरा मिलिमीटरांवर येतात. त्या जगाकडे त्या जगातल्या माणसासारखे पाहायचे असेल, तर कॅमेऱ्याच्या भिंगाचा मध्य तेवढ्याच उंचीवर न्यावा लागतो. पण मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगाची नळी साधारण सात सेंटिमीटर जाड असल्याने ती जमिनीला टेकवली तरी मध्य साडेतीन सेंटिमीटरांवर राहतो, म्हणजे त्या जगाच्या हिशेबात तीन मीटर उंचीवर, घराच्या माडीवरून पाहावे तसा. मोबाइल फोनने ही अडचण सहज सोडवली. फोन उलटा धरून त्याची भिंगाची कड रुळांशेजारच्या खडीवर टेकवली, तर नजर बारा-पंधरा मिलिमीटरांवर येते आणि रुळांशेजारी उभ्या असलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला गाडी जशी दिसेल तशी ती दिसू लागते. ज्याने कित्येक वर्षे राक्षसासारखे वरून वाकून ते गाव घडवले, त्याला स्वतःच्या गावात पहिल्यांदा पाऊल ठेवता येते ते या युक्तीने. शरीराला जिथे प्रवेश नाही तिथे भिंग जाऊन येते.

प्रवेश मिळाला तरी प्रकाशशास्त्र आडवे येतेच. भिंग एखाद्या वस्तूच्या जितके जवळ जाते, तितका चित्रातला स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होत जातो. इंजिनाचे तोंड रेखीव आले की मागचे डबे धूसर होतात, आणि या धूसरपणावरूनच पाहणाऱ्याच्या डोळ्याला समोरची वस्तू लहान असल्याचा संशय येतो. (खऱ्या शहराच्या, उंचावरून काढलेल्या चित्रात वरचा आणि खालचा भाग मुद्दाम धूसर केला की अख्खे शहर खेळण्यातले वाटू लागते, टिल्ट-शिफ्ट नावाचे तंत्र हीच फसवणूक उलट्या दिशेने करते.) फिल्मच्या काळात यावर मुख्य उपाय एकच होता, तो म्हणजे भिंगाचे छिद्र शक्य तितके बारीक करणे आणि प्रकाश कमी पडतो म्हणून शटर बराच वेळ उघडे ठेवणे, साहजिकच धावती दिसणारी गाडी त्या वेळी जागच्या जागी थांबवलेली असे. आता कॅमेरा न हलवता जवळच्यापासून दूरच्यापर्यंत एकेका अंतरावर नजर स्थिरावत अनेक चित्रे घेतली जातात आणि संगणक त्यांतले स्पष्ट भाग एकत्र सांधतो. कोणी त्यावर संगणकाने धूरही चढवतो. तो धूर बहुतेक वेळा चित्राची शोभा घालवतो, कारण आजूबाजूचे सगळे हाताने घडवलेले असताना तेवढाच एक पदार्थ आयता आलेला असतो.

कॅमेरा पाहुणा म्हणून आत शिरतो आणि परीक्षक होऊन बाहेर येतो. साध्या डोळ्याला न दिसलेले सारे तो दाखवतो: दोन रुळांच्या जोडाशी पडलेली पायरी, घराच्या भिंतीखाली राहिलेली फट, खडी बसवताना वाळलेल्या गोंदाची चकाकी. माणसाच्या डोक्याचा एक केस रुळांवर आडवा पडला असेल, तर त्या मापात तो सहा मिलिमीटर जाडीचा दोर होतो. बागेतून आणलेला पाच मिलिमीटरांचा खडा जवळजवळ अर्ध्या मीटरची शिळा होतो. काही गोष्टी मापात उतरतच नाहीत. पाण्याचा थेंब आपला आकार सोडत नाही, म्हणून नद्या आणि तळी पारदर्शक राळेची ओतावी लागतात; धूळही लहान होत नाही. दिवाळीत महाराष्ट्रातली मुले जो मातीचा किल्ला करतात, त्यात मावळा दरवाजापेक्षा उंच असतो, हळिवाचे रोप बुरुजाच्या वर डोकावते आणि पायथ्याची गवळण तोफेला सहज काखोटीला मारू शकेल अशी असते, तरी त्यात कोणाला काही खटकत नाही, कारण तिथे प्रत्येक वस्तू तिच्या महत्त्वाएवढी मोठी असते. लघुरेल्वेच्या छंदिष्टाने हे स्वातंत्र्य आपण होऊन सोडलेले असते. त्याच्या गावात देवळाचा कळस आणि सायकलची घंटा एकाच भाजकाने भागलेली असावी लागते, आणि ती तशी आहे की नाही याचा निवाडा छायाचित्र करते.

या निवाड्याला जो सर्वाधिक निर्भयपणे सामोरा गेला, तो अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या माँटेरे गावचा जॉन ॲलन. १९१३ साली जन्मलेला हा माणूस व्यवसायाने छायाचित्रकार होता, आणि त्याची ‘गोरी अँड डिफीटेड’ नावाची काल्पनिक डोंगरी रेल्वे ही मुळातच छायाचित्रकाराच्या डोळ्याने रचलेली होती. घराखालच्या तळघरात त्याने जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभे केले, त्यामुळे पाहणाऱ्याला दरीत उभे राहून वर पाहावे लागे. जागा जिथे संपे तिथे त्याने आरसे बसवले, जेणेकरून रस्ता भिंतीपाशी न थांबता पुढे जात असल्यासारखा वाटे. बाजारातून आणलेली इंजिने त्या काळी चकचकीत ठेवण्याची रीत असताना त्याने आपल्या इंजिनांवर काजळी, गंज आणि पाण्याचे ओघळ रंगवले, कारण नवेपणाची चकाकी कॅमेऱ्यापुढे खेळण्याची चुगली करते हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होते. त्याची चित्रे अमेरिकेतील मासिकांतून आणि प्रतिकृती बनवणाऱ्या व्हार्नी कंपनीच्या जाहिरातींतून सर्वदूर पोचली, आणि त्याच्या तळघरात कधीही न गेलेल्या हजारो लोकांना त्या रेल्वेची स्थानके, पूल आणि कडे परिचयाचे झाले. एवढ्या काटेकोर जगात त्याने एक थट्टाही करून ठेवली होती: यार्डात डबे इकडून तिकडे ढकलण्याच्या कामावर त्याने एम्मा नावाचा, पाठीवर काटेरी पाती असलेला स्टेगोसॉरस, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला डायनासोर, तेरा क्रमांक देऊन नेमला होता. खरेपणाची इतकी खात्री पटवल्यानंतरच अशी थट्टा शोभते, आणि ॲलनला ती शोभली.

६ जानेवारी १९७३ रोजी ॲलन वारला. त्यानंतर दहा दिवसांनी त्याच्या घरात आग लागली आणि ती रेल्वे बहुतांश नष्ट झाली. आज या छंदाच्या इतिहासात त्याला जे स्थान आहे ते जवळजवळ सर्वस्वी छायाचित्रांवर उभे आहे. अमेरिकेतील एका लघुरेल्वे मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी त्याच्यावर लिहिलेले पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले तेव्हा मूळ वस्तू उरलेलीच नव्हती. पण या घटनेतून केवळ हळहळ निघावी असे नाही. लेआउट हा प्रकारच मुळी टिकाऊ नसतो. घर बदलते, मुले मोठी होतात, मालकाची नजर आणि हात थकतात, आणि मग रूळ उखडून विकले जातात, प्लायवुड माळ्यावर जाते. आग लागली नसती तरी ते डोंगर फार काळ टिकले असते असे म्हणता येत नाही. त्या अर्थाने ॲलनची रेल्वे पहिल्यापासून चित्रासाठीच बांधली जात होती, आणि ज्या मोजक्या कोनांतून तो ती टिपत असे त्या कोनांतून ती पूर्ण झालेली होती.

कोन निवडणे ही या छायाचित्रकलेतली अर्धी चतुराई होय, कारण बहुतेक लेआउटांच्या पोटात एखादी तडजोड दडलेली असते. ब्रिटनमध्ये रूढ असलेले ‘ओओ’ प्रमाण हे त्याचे जुने उदाहरण. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात उपलब्ध असलेल्या विजेच्या मोटारी ब्रिटिश इंजिनांच्या बेताच्या आकाराच्या प्रतिकृतींत मावत नव्हत्या, म्हणून तिथल्या उत्पादकांनी इंजिनाची कुडी ७६ व्या भागाइतकी वाढवली, पण खालचे रूळ ८७ व्या भागाच्या हिशेबाचे, म्हणजे १६.५ मिलिमीटर अंतराचेच ठेवले. परिणामी तिथल्या गाड्या आजही आपल्या अंगाच्या मानाने अरुंद रुळांवर धावतात. भारतीय छंदिष्टापुढे ही अडचण अधिक मोठी होऊन येते: भारतातील ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधले १६७६ मिलिमीटरांचे अंतर, एचओ प्रमाणात १९ मिलिमीटरांहून किंचित जास्त भरते, तर बाजारात तयार मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरांचे असतात. बाजूने किंवा तिरक्या कोनातून काढलेल्या चित्रात हा फरक लपतो. इंजिन अगदी समोरून टिपले की लपत नाही. भारतीय गाड्यांच्या प्रतिकृतींची चित्रे बहुधा तिरक्या कोनातली का असतात, याचे एक कारण इथे मिळावे. लांबीची तडजोड याहूनही उघड असते. चोवीस डब्यांची गाडी इंजिनासह या प्रमाणात सहा मीटरांहून लांब होते आणि मुंबईतल्या फ्लॅटची खोली जेमतेम तीन-साडेतीन मीटरांची, त्यामुळे एक्स्प्रेस पाच-सहा डब्यांवर भागवते आणि चित्र अशा वळणावर काढले जाते की शेवटचा डबा अजून बोगद्यातून बाहेर यायचा आहे असा समज व्हावा.

महाराष्ट्रातल्या एका गाडीच्या बाबतीत मात्र माप अनपेक्षितपणे जुळून येते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या प्रयत्नांतून १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरांच्या, म्हणजे अडीच फुटी रुळांवर धावत असे. ऑस्ट्रियातल्या डोंगरी गाड्या ७६० मिलिमीटरांच्या रुळांवर चालतात आणि त्यांच्या ८७ व्या भागाच्या प्रतिकृतींसाठी युरोपात नऊ मिलिमीटरांचे रूळ तयार मिळतात. नऊ गुणिले ८७ म्हणजे ७८३, आणि उरलेला फरक प्रतिकृतीत पाव मिलिमीटरही भरत नाही. बार्शीची गाडी समोरून टिपायला हरकत नाही. ती मूळ गाडी आता धावत नाही, तिच्या जागी ब्रॉडगेज आले आहे; तिला परत आणायचे तर ते प्रतिकृतीतच. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली खुल्या केलेल्या लघुरेल्वे संग्रहालयात रेल्वेभोवती अख्खे शहर वसवलेले आहे आणि ते पाहायला मराठी घरांतली मुले वर्षानुवर्षे जात आली आहेत. तिथून परतलेल्या एखाद्या मुलाने बार्शी मार्गावरच्या कुर्डुवाडी स्थानकाच्या धुळीत उभी असलेली ती गाडी कधी तरी टेबलावर आणावी, अशी इच्छा धरायला जागा आहे.

पूर्ण झालेल्या लेआउटच्या देखण्या चित्रांपेक्षा अर्धवट कामाची चित्रे अधिक वाचनीय असतात, असे मत इथे नोंदवायला हवे. उघडे प्लायवुड, पेन्सिलीने आखलेली वळणे, खालून लोंबणाऱ्या लाल-काळ्या तारा, डोंगराच्या जागी चुरगळलेल्या वर्तमानपत्रांचा ढीग: अशा चित्राला मिळणारी उत्तरेही कामाची असतात. कोणी सांगतो की चढ जास्त आहे, सहा डबे ओढवणार नाहीत; कोणी सुचवतो की खडीवर पातळ केलेला गोंद सोडण्यापूर्वी त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे तो मणी न होता पसरतो. अर्धवट चित्र कर्त्याचा पुरावाही असते. गायक रॉड स्टुअर्ट यांनी तेवीस वर्षे खपून उभारलेल्या अमेरिकी शहराच्या लेआउटची चित्रे २०१९ साली ब्रिटिश मासिकात आली, तेव्हा एका रेडिओ कार्यक्रमात हे काम त्यांनी स्वतः केले नसावे अशी शंका व्यक्त झाली आणि त्यांनी तिथे फोन करून नव्वद टक्के काम आपल्या हातचे असल्याचे सांगितले. चित्र इतके निर्दोष झाले की त्यातून हात पुसला जातो, हे त्या शंकेचे खरे कारण.

प्रतिकृतीवरून चित्राकडे जाणारा हा प्रवास उलट्या दिशेनेही होतो. १९२५ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला आलेल्या रॉय इंग्लंड यांना ऑक्सफर्डजवळच्या खोऱ्यातली गवती छपरांची घरे डोळ्यांदेखत बदलताना दिसली आणि ती मोजमापे घेऊन प्रतिकृतीत जपण्याच्या खटाटोपातून १९५४ साली पेंडन संग्रहालय उभे राहिले. अशा कामात जुने छायाचित्र हा मुख्य आधार असतो, आणि छंदिष्ट ते इतरांपेक्षा वेगळे वाचतो. एखाद्या चित्रात स्टेशनमास्तर सहकाऱ्यांसह खुर्च्यांवर बसलेले असतात आणि त्यांचे नातू त्या चेहऱ्यांत आजोबा शोधतात. छंदिष्ट त्यांच्या खांद्यांवरून मागची भिंत पाहतो, खिडकीच्या वरपर्यंत विटांचे थर मोजतो आणि चार थरांना साधारण एक फूट धरून इमारतीची उंची काढतो. अडते ते मागच्या बाजूपाशी. गाडी, फलाट आणि माणसे समोर असल्याने गेल्या शतकातल्या कोणाही छायाचित्रकाराला स्टेशनाच्या पाठीमागे, जिथे पाण्याची टाकी, संडास आणि कोळशाचा ढीग असे, तिथे जाण्याचे प्रयोजन वाटले नाही. म्हणून छंदिष्ट ती बाजू अंदाजाने बांधतो, आणि लेआउट तयार झाल्यावर चित्र काढताना तोही कॅमेरा तिकडे नेत नाही.