बाहुलीची बोली

धुळ्याहून जळगावला मी बाहुलीनाट्याच्या वर्गाला निघाले, तेव्हा घरची मंडळी हसली, "या वयात भातुकली?" चित्रकथी नि कळसूत्री बाहुल्या जपणाऱ्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, हे सांगूनही कोणी ऐकेना!

वर्गात आम्ही कागदाच्या लगद्याची डोकी केली. तर्जनी डोक्यात, अंगठा नि मधले बोट हातांत. बाहुली बोलते तेव्हा आपण तिच्याकडेच पाहायचे, म्हणजे प्रेक्षकही तिच्याकडेच पाहतात. मग बाईंनी फर्मावले, "आता तिला बोलू द्या." माझी म्हातारी एकदम अहिराणीत बोलली! मी चपापले. माझ्या शाळेत वीस वर्षे मीच मुलांना "शुद्ध बोला" म्हणून दटावत आले होते. स्वतःच्या आईची बोली दाराबाहेर ठेवून.

परतल्यावर म्हातारीला शाळेत नेले. वर्षभर हूं की चूं न केलेल्या मागच्या बाकावरच्या पोरीला तिने विचारले, "तुन्हं नाव काय शे, माय?" पोरगी उठली नि अहिराणीत घडाघडा बोलत सुटली.

मी म्हातारीकडेच पाहत राहिले. नियम म्हणून नव्हे. पोरीच्या नजरेला नजर देण्याचे धैर्य मला होत नव्हते.