दहाही नखांवर एकच खाच

‘‘आजी, याला उद्यापासून पाठवू नका. फंगस आहे हे. बाकीच्या पालकांच्या तक्रारी येतील.’’ बालवाडीच्या फाटकात, सगळ्यांच्या देखत, माझ्या साडेतीन वर्षांच्या नातवाचा हात मनगटाला धरून वर करत मॅडम हे बोलल्या. शेजारी उभ्या असलेल्या एका आईने आपल्या मुलीला झटकन मागे ओढलं. आता कितीतरी महिने झाले, पण ते ओढणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मुलगी-जावई दोघंही हिंजवडीला नोकरीला, म्हणून मी कोल्हापूरहून पुण्यात येऊन राहिलेली. पावसाळा सरता सरता त्या बालवाडीत हँड-फूट-माउथची साथ आली होती. आमच्याकडेही ताप, तळहात-तळपायांवर पुरळ, तोंडात फोड. थंड दहीभाताशिवाय काही गिळवेना. आठवड्याभरात पोर खडखडीत बरं झालं आणि आम्ही विसरलो.

दिवाळीच्या पहाटे त्याच्या हातांना उटणं लावताना माझ्या बोटाला काहीतरी अडखळलं. नखाच्या मुळापाशी, चंद्रकोरीच्या जरा वर, आडवी खाच. डोळ्यांना जेमतेम दिसणारी, पण बोट फिरवलं की लागणारी. दुसरं नख पाहिलं, तिसरं पाहिलं. दहाही बोटांना तीच खाच, त्याच उंचीवर. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, कॅल्शियम कमी आहे. दुधात नाचणीसत्त्व सुरू झालं. सुट्टी संपेपर्यंत अंगठ्याचं आणि मधल्या बोटाचं नख मुळापासून सुटून वर आलं. पू नाही, लाली नाही, दुखत तर मुळीच नव्हतं. सुटलेल्या नखाखाली कागदासारखं पातळ नवं नख आधीच आलेलं दिसत होतं. स्वेटरच्या धाग्यात अडकू नये म्हणून मी चिकटपट्टी लावली, आणि ती पट्टीच मॅडमच्या नजरेत भरली.

त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर निरोप आला : ‘काही पालक संसर्ग असलेल्या मुलांना पाठवत आहेत, कृपया सहकार्य करावे.’ नाव नव्हतं, पण फाटकातला प्रसंग सगळ्यांनी पाहिला होता. रात्री नातू जेवायला बसला तो हात मांडीखाली घेऊन. ‘‘तू भरव,’’ म्हणाला. स्वतःच्या हाताने जेवणारं मूल ते. पुढे बरेच दिवस पाहुणे आले की मुठी मिटून बसायचा.

बालरोगतज्ज्ञांनी नखं पाहिली आणि आम्ही काही सांगण्याआधीच विचारलं, ‘‘दोनेक महिन्यांपूर्वी हँड-फूट-माउथ झालं होतं का?’’ मी थक्क झाले. मग त्यांनी समजावलं. नख तयार होतं ते कातडीखालच्या मुळाशी. मोठं आजारपण आलं की ते काम काही काळ मंदावतं किंवा थांबतं. पुन्हा सुरू झालं की मधल्या खंडाची आडवी खाच राहते आणि नखाबरोबर पुढे सरकते. काम पुरतंच थांबलं असेल, तर जुनं नख सुटून पडतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. म्हणून खाच मुळापासून किती पुढे गेली ते मोजलं, तर आजार कधी आला होता याचा अंदाज बांधता येतो. फ्रेंच डॉक्टर बो यांनी १८४६ मध्ये या रेघांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना ‘बो-रेषा’ म्हणतात. २००८ मध्ये फिनलंडमध्ये हँड-फूट-माउथची साथ आली, तेव्हाही नंतर अनेकांची नखं गळली होती. बुरशी अशी एकाच वेळी, एकाच उंचीवर, दहाही बोटांना गाठत नाही. आणि हे नख पडणं कुणाला लागत नाही. औषधही काही नाही, वाट पाहायची.

म्हणजे ज्या आठवड्यात खरोखर लागण पसरत होती, तेव्हा अंगावर पुरळ असलेली मुलं वर्गात बसत होती आणि कुणाला काही वाटलं नाही. सगळं निवल्यावर मात्र आमच्या पोराला फाटकातून परत पाठवलं.

डॉक्टर बोलत असताना मला मात्र आमच्या ह्यांची नखं आठवत होती. त्यांची किमोथेरपी चालू होती तेव्हा नखांवर अशाच आडव्या रेघा उमटल्या होत्या, एकीखाली एक. मला वाटायचं औषधांनी नखं रुक्ष झालीत. मी रोज रात्री खोबरेल चोळायचे. आता कळलं, किमोच्या प्रत्येक फेरीमागे एक रेघ उठू शकते. एवढी इस्पितळं पालथी घातली, पण हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर उपचारात फरक पडला नसता, हे मला समजतं. तरी ज्या रेघांवरून मी रोज बोट फिरवत होते त्या कशाच्या, हे मला ठाऊक असायला हवं होतं असं वाटत राहतं.

वयानुसार माझ्या नखांवर उभ्या रेघा आहेत, त्या बहुतेकांना येतात, त्यांची काळजी नको. एकाच नखावर आडवी खाच असेल तर बोट कुठे चेमटलं होतं का ते आठवावं. सगळ्या नखांवर असेल तर दोन-तीन महिने मागे जावं : डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन. असं काहीच आठवत नसेल तर डॉक्टरांना दाखवावं. कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनाने आणू नयेत.

एक मात्र म्हणायला हवं. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवलंय. वर्गात खरूज आली की मूल घरी पाठवावं लागतं, पन्नास मुलांची जबाबदारी काय असते ते मी जाणते. मॅडमना शंका आली यात चूक नव्हती. कित्येकदा वाटतं, आपणच फार मनाला लावून घेतलं. पण मग तो वर धरलेला हात आठवतो. आत बोलावून, दार लावून सांगता आलं असतं.

डॉक्टरांनी ‘संसर्गजन्य नाही’ असं सर्टिफिकेट दिल्यावर नातवाला परत घेतलं. ग्रुपवर तसं कळवाल का, असं मी विचारलं. ‘‘आजी, आता विषय संपला ना,’’ मॅडम म्हणाल्या. माझी मुलगीही तेच म्हणते. तिला रोज तिथेच मूल सोडायचंय, तिची अडचण मला कळते. पण संशयाचा निरोप ज्या ग्रुपवर टाकला, त्याच ग्रुपवर खुलाशाची एक ओळ टाकायला काय हरकत होती, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.