डास म्हणजे उडती सुई नव्हे

पावसाळ्यात दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, डास एकाचं रक्त पितो आणि दुसऱ्याला चावतो. मग डासांमुळे एड्स का होत नाही?" विचारणारा जरा ओशाळलेला असतो, पण मला हा प्रश्न फार आवडतो. त्याचं उत्तर डासाच्या पोटात आहे.

डास एकाचं रक्त दुसऱ्याला टोचत नाही. त्याच्या सोंडेत दोन वेगळे मार्ग असतात, एकातून लाळ सोडायची आणि दुसऱ्यातून रक्त ओढायचं. ते रक्त आतड्यात जाऊन पचतं. एचआयव्हीला डासाच्या पेशींत वाढता येत नाही, म्हणून तोही तिथेच संपतो.

डेंग्यूचा विषाणू मात्र आतड्याच्या अस्तरात शिरतो. तिथे वाढून, अस्तर ओलांडून लाळग्रंथींपर्यंत पोहोचला तरच तो पुढच्या माणसाला देता येतो. डासही गप्प बसत नाही. आपल्यासारख्या अँटीबॉडी त्याच्याकडे नसतात, पण त्याच्या पेशी विषाणूचा आरएनए ओळखून त्याचे तुकडे तुकडे करतात. आतड्यातले जिवाणूही या झटापटीत भाग घेतात. वोल्बाकिया नावाचा जिवाणू असलेल्या डासांत डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात असे डास मुद्दाम सोडले, तेव्हा त्या वस्त्यांत डेंग्यू 77 टक्क्यांनी कमी आढळला. हे निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. डास मारण्याऐवजी डास सोडायचे, हे ऐकून माझे पेशंट माझ्याकडेच संशयाने बघतात!

विषाणूच्या या प्रवासाला साधारण 8 ते 12 दिवस लागतात. डासाची मादी जगते जेमतेम दोन ते चार आठवडे. म्हणजे बऱ्याच माद्या विषाणू लाळेत येण्याआधीच मरतात. ज्या उरतात, त्या मरेपर्यंत तो पसरवत राहतात.

आता तुमच्या घरातलं बोलू. ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत रुग्णाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. डासाला तो मिळतो इथूनच. आणि एडिस डास चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या सुमारास. आपल्याकडे मात्र रात्री सगळं घर मच्छरदाणीत आणि तापाचा माणूस दुपारी पंख्याखाली उघडा. मी सांगतो, मच्छरदाणी एकच असेल तर ती आधी आजारी माणसाला लावा, आणि दिवसासुद्धा.

डासातले 8-12 दिवस आणि माणसात ताप यायला लागणारे 4 ते 10 दिवस मिळवले, की पहिल्या रुग्णानंतर दोन-तीन आठवड्यांनी घरात दुसरा ताप का येतो ते कळेल. तसा ताप आला तर अंगावर काढू नका. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.