तळीरामाची माया

आजच्या मालिकांत खलनायकाच्या आधी त्याचं पार्श्वसंगीत येतं. तो इतक्या लवकर ओळखू येतो, की त्याची भीतीच उरत नाही. मला भीती वाटते ती गडकऱ्यांच्या तळीरामाची.

त्यांचं ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यातला सुधाकर बुद्धिमान वकील, पण विलक्षण मानी. भर कोर्टात त्याचा तोल जातो आणि काही काळासाठी त्याची सनद काढून घेतली जाते. अपमानाने तो आतून पोळलेला असताना त्याचा कारकून तळीराम जवळ येतो. त्याच्या मनात सूड नाही, धन्याच्या गादीवर डोळा नाही. दुःख विसरायला घोटभर घ्या, एवढंच त्याचं सांगणं. ज्या उपायाने आपल्याला बरं वाटतं, तो तो धन्यापुढे ठेवतो. पुढे घर धुळीला मिळतं, सुधाकरचं तान्हं बाळ आणि बायको सिंधू दोघंही जातात. तळीरामाच्या हाती काय लागतं? काहीच नाही. तोही दारूपायीच मरतो.

शिवाय गडकऱ्यांनी नाटकातला विनोद सढळ हाताने याच माणसाला दिला. आर्यमदिरामंडळ या दारुड्यांच्या मंडळात तो दारूची वकिली करतो तेव्हा थिएटर हसून लोटपोट होतं. हसलेला प्रेक्षक निम्मा त्याच्या बाजूला गेलेला असतो; मग सुधाकर का गेला, हे वेगळं समजवावं लागत नाही.

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तला इयागो जातीने वेगळा. त्याच्यात द्वेष ठासून भरलाय. पण ऑथेल्लोसमोर तो सुरुवातीला फार बोलत नाही. नाराजीचा एखादा शब्द पुटपुटतो, प्रश्न विचारतो, मध्येच थांबतो. उरलेलं वाक्य ऑथेल्लोच स्वतःच्या संशयाने पुरं करतो.

तळीराम आणि इयागो या दोघांचं दुष्टपण मोजत बसण्यात मला रस नाही. दोघांनाही समोरच्याची दुखरी जागा नेमकी ठाऊक आहे, आणि ती जागा नाटककाराने आधीच बांधून ठेवली आहे. सुधाकरचा मानीपणा काढून टाका, तळीराम निव्वळ एक दारुडा कारकून उरेल.

म्हणून कथा-कादंबरी लिहिणाऱ्या मित्रांनो, खलनायकाचं क्रूर बालपण रचण्याआधी आपल्या नायकाकडे नीट बघा. त्याला कुठे लागलंय ते शोधा, आणि तिथे फुंकर घालायला खलनायकाला पाठवा.