कारल्याच्या वेलाची मुदत

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत अमरावती-अकोल्याकडे माहेरपणाला आलेल्या भुलाबाई या देवीची गाणी म्हटली जातात. त्यांतलं कारल्याच्या वेलाचं गाणं पोरींच्या खेळात जमा होतं. मला ते मराठीतलं अत्यंत भेदक कथागीत वाटतं, आणि त्याचा काळोख त्याच्या रचनेत आहे. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी लाव. बी लावलं, तर वेल येऊ दे. मग फूल, मग कारलं, मग भाजी, मग जेवणं, मग उष्टं-खरकटं. प्रत्येक कडव्यात एक काम तेवढं बदलतं. सासू कुठंही ‘नाही’ म्हणत नाही, म्हणून सुनेला भांडायलाही जागा उरत नाही.

तोंडी परंपरेत पुनरुक्ती पाठांतरासाठीच असते, असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे. पण पाठांतराला यमक आणि टिपऱ्यांचा ठेकाही पुरला असता. इथल्या पुनरुक्तीला क्रम आहे आणि तो क्रम वेळ मोजतो. बी लावल्यापासून कारलं हाती यायला साधारण दोन महिने लागतात, भुलाबाई बसते महिनाभर. म्हणजे पाटावरची देवी माहेरपण संपवून परत जाईल, तरी गाण्यातल्या सुनेचा वेल फळाला आलेला नसेल. स्कॉटलंडकडच्या ‘लॉर्ड रँडल’मध्येही आई-मुलाचे सवाल-जवाब त्याच त्या ओळींनी फिरतात आणि शेवटी विषप्रयोग उघड होतो. फ्रान्सिस चाइल्ड यांच्या 305 कथागीतांच्या संग्रहात त्याचा क्रमांक 12 आहे. तिथं पुनरुक्ती रहस्य उलगडत नेते. आपल्याकडं ती सुनेची वाट लांबवत नेते.

दुसरा आक्षेप असा, की चाल नाचरी आहे आणि काही पाठांत सून वेणीफणी करून माहेरी निघतेही. मग हे दुःख अभ्यासकानं वरून लादलेलं नाही का? पण दुसऱ्या पाठांत नवरा काठी उचलतो. शेवट गावोगाव बदलतो आणि मधली साखळी टिकते. पिढ्यान्‌पिढ्यांनी जे टाकलं नाही, तेच गाण्याचं खरं म्हणणं मानायला हवं. नाचऱ्या चालीचं कारणही उघड आहे: गाणाऱ्या मुली अजून माहेरीच आहेत. होकारासारखा दिसणारा नकार कसा असतो, हे त्यांना खेळता खेळता कळतं.

म्हणून ही गाणी लिहून घेणाऱ्यांना एक विनंती आहे. जागा वाचवण्यासाठी सारखी दिसणारी कडवी गाळू नका, ‘इत्यादी’ लिहून मोकळे होऊ नका. सुनेला जेवढं थांबावं लागलं, तेवढं वाचणाऱ्यालाही थांबू द्या.