गळलेल्या पानांची वलये

माउली, आपल्या वाऱ्या किती झाल्या? रागावू नका. हा प्रश्न मी वर्षानुवर्षे दुसऱ्यांना विचारत आलो. समोरच्याचा आकडा माझ्यापेक्षा लहान निघाला की मनातल्या मनात सुखावत आलो. माझ्या २१ झाल्या होत्या. बाविसावी चुकली.

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला गेलो होतो. नातवाचा आनंद होताच, पण प्रस्थानाचा दिवस उलटला आणि मी घुम्यासारखा बसू लागलो. मोड झाली, एवढेच डोक्यात. माझा चेहरा पाहून आषाढी एकादशीला जावयांनी सगळ्यांना दक्षिणेकडच्या टॅम्बोरीन डोंगरावर नेले. त्या डोंगरावरच्या रानाच्या एका तुकड्याला १९०८ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून संरक्षण मिळाले. क्वीन्सलंड राज्यातले ते पहिलेच.

तिकडे तेव्हा थंडीचे दिवस. गर्द सावलीत लाकडी बाकडी मांडलेली. हिने वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी काढली. तिथे दुपारचे बारा, म्हणजे पंढरीत सकाळचे साडेसात. वाळवंट माणसांनी फुलले असेल, या विचाराने मला घास जाईना. मी उठून झाडांत गेलो.

आणि थबकलो. समोर पोफळीच उभ्या! आमच्या रत्नागिरीकडच्या वाडीत असतात तशाच. पण सुपारीच्या नव्हेत, तिच्याच कुळातल्या. तिथे त्यांना पिकाबीन म्हणतात. सरळसोट, वीस-वीस मीटर उंच. खाली वाळलेल्या झावळ्या विरीसकट पडलेल्या. तिथले मूळ रहिवासी त्या विरीचा द्रोण वळून त्यातून पाणी नेत असत.

एका खोडावरून हात फिरवला. बोटांना कडी लागली, मग दुसरी, तिसरी. सवयीने मी मोजू लागलो. मोजता मोजता लहानपणी आजोबांनी सांगितलेले आठवले. पोफळीच्या खोडात वर्षांची वलये नसतात. बाहेर दिसतात ती गळून पडलेल्या झावळ्यांची जागा. या झाडाला फांदी नाही. वाढणारा कोंब एकच, शेंड्याला. तो वर सरकतो आणि खालची जुनी झावळी सुटते. तिची खूण तेवढी खोडावर राहते.

मी स्वतःला विचारले, तुझ्या २१ कड्यांत गळले काय?

माउली, उत्तर देताना जीभ अडखळते. पंधराव्या वारीत एक गृहस्थ प्रथमच आमच्या दिंडीत आले होते. टाळ धरायचीही सवय नव्हती. वीणेच्या जवळ, माझ्या नेहमीच्या जागी ते चालू लागले. मी म्हणालो, "माझी पंधरावी आहे, तुमची पहिली. मागे व्हा." ते नमस्कार करून मागे गेले. दुसऱ्या मुक्कामापासून दिसले नाहीत. पायी चालताना एकमेकांच्या पाया पडणारा मी, आणि एका माउलीला वाटेवरून परतवले. त्यानंतरही सहा वाऱ्या मोठ्या अभिमानाने मोजल्या.

त्या झाडाखाली मी बराच वेळ उभा होतो. मग बाकड्यापाशी परतलो. नातवाला मांडीवर घेतले, सगळ्यांनी मिळून हरिपाठ म्हटला. वरीचा भात गार झाला होता. तो गोड लागला.

या वर्षी, पांडुरंगाने नेले तर, मी शेवटच्या ओळीत चालणार आहे. नवखी माणसे तिथेच असतात. ते गृहस्थ भेटले तर पाय धरीन. नाही भेटले, तर जो शेजारी असेल त्याचे.

आपणही वाऱ्या जरूर मोजा, माउली. फक्त प्रत्येक आकड्यापुढे त्या वर्षी काय गळले, तेही लिहा. माझ्या वहीतली ती जागा अजून कोरीच आहे.

रामकृष्णहरी.