बीडचा खजिना

कबर कशावर बांधावी याला काही धरबंध? दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक १३३५च्या सुमारास वरंगळहून आजारी होऊन दौलताबादकडे परतत होता. बीडजवळ त्याचा दात पडला. सुलतानाचाच दात तो! इतमामाने पुरला आणि वर थडगं बांधलं. बीडच्या दक्षिणेला कर्झनीजवळ ते अजून दाखवतात. बीडला जातोय म्हटलं की लोक विचारतात, तिकडे बघायला आहे काय? मी आधी हा दात सांगतो. समोरचा हसला, की मग पाण्याविषयी बोलायला लागतो, कारण बीडमध्ये बघायचं ते खरं पाणीच. दुष्काळाच्या बातम्यांपुरतं ज्याचं नाव छापून येतं, त्या जिल्ह्यातल्या जुन्या कारागिरांनी सगळं डोकं लावलं ते पाण्यावर.

दिवाळी तोंडावर आली होती. सकाळीच मित्राबरोबर शहराच्या पूर्व अंगाला, कंकालेश्वराला गेलो. चौकोनी कुंड, मधोमध देऊळ, काठापासून देवळापर्यंत जाणारी दगडी वाट. अकराव्या शतकाच्या आगेमागे बांधलेलं हे देऊळ. गाभारे तीन, सभामंडप एक. मांडणी चांदणीच्या आकाराची असल्यामुळे बाहेरची भिंत कुठे सरळ म्हणून जात नाही. दोन पावलं टाकली की कोन बदलतो आणि नवी मूर्ती पुढे येते. महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मात्र आम्ही दोघं, एक पुजारी आणि कुंडाच्या पायरीवर शाळा बुडवून बसलेली तीन पोरं. पाणी हिरवं होतं. पोरं खडे मारून त्यातल्या शेवाळाला भोकं पाडत होती.

पेठ बीडच्या गल्ल्यांतून पायीच निघालो. बिंदुसरेने शहराचे दोन भाग केले आहेत. एरवी ही नदी ओढ्यासारखी पडून असते, पण जुलै १९८९च्या पुराची गोष्ट काढली की इथली वयस्क माणसं आजही आवाज खाली आणतात. पेठ बीडमध्येच मन्सूरशाह वलींचा दर्गा आहे. महादजी शिंद्यांची या फकिरावर अपार श्रद्धा होती आणि ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याने ती पुढे चालवली. त्यांच्या देवघरातही मन्सूरशाहांना मान आहे. दिल्लीच्या बादशहाला हाताशी धरणारा सरदार बीडच्या एका फकिरापुढे झुकत होता, हे या गल्लीतल्या चहावाल्याला पक्कं ठाऊक आहे. त्याने ते आम्हाला चहासोबत फुकट सांगितलं.

मग खजाना विहीर. सोलापूरच्या रस्त्याने पाच-सहा किलोमीटर गेलं की येते. नाव ऐकून कुणी हंडे-घागरींची स्वप्नं पाहत असेल तर तो निराश होईल. खजिन्यातला सगळा पैसा हिच्यावर खर्ची पडला म्हणून हे नाव, असं सांगतात. हिजरी ९९१, म्हणजे इसवी १५८३च्या सुमारास अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या राजवटीत त्याचा वजीर सलाबतखान याने ही विहीर बांधवली. बांधणारा स्थपती राजा भास्कर. वरून पाहिलं तर एक मोठी गोल विहीर, बस्स. खाली उतरल्यावर मात्र कळतं की ही नुसती विहीर नाही. डोंगराच्या बाजूने जमिनीखालून पाणी आणणारे बोगदे इथे येतात आणि दुसऱ्या बाजूने एक बोगदा पाणी घेऊन निघतो. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. जमिनीच्या उताराचा अंदाज घेऊन पाणी आपल्या पायांनी शेतात चालत जातं. ज्या भागाला ते मिळायचं त्याचं नाव बलगुजार. तिथले बागायतदार या पाण्यावर मळे पिकवत आले.

ओट्यावर बसून मी पाण्यात हात घातला. उन्हातून आल्यावर ते इतकं गार लागलं की हात पटकन मागे घेतला. वर शेळ्या घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, आटते का ही कधी?"

"बहात्तरला सुद्धा न्हाई आटली, साहेब," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "आता मात्र भवताली बोअर लई झाले."

एवढ्यात सगळं आलं. जमिनीखालचं पाणी एकाच ठेवीतून येतं. बोगदा ते उतारावरून हळूहळू घेतो, बोअरचा पंप खालून ओढून नेतो.

सलाबतखानाचा हा एकच उद्योग नव्हता. अहमदनगरजवळचा भातोडीचा तलावही त्याच्याच नावावर आहे. १६२४ साली निजामशाहीच्या मलिक अंबरने त्याचं पाणी सोडून मुघल आणि आदिलशाही फौजांना चिखलात रुतवलं. शिवाय नगरचा फराहबागही त्याच्याच कारकिर्दीत, १५८३ साली पुरा झाला. पाण्याच्या मधोमध महाल, भोवती बाग, खापरी नळांतून आणलेलं पाणी. आज तिथे तळं कोरडं आणि महाल पडका आहे. एकाच माणसाच्या कामांपैकी शोभेचं मोडलं आणि शेतीचं टिकलं, यात मला काडीचंही आश्चर्य वाटत नाही. चौदाव्या लुईने व्हर्सायच्या कारंज्यांसाठी सीन नदीचं पाणी वर चढवायला मार्लीला चौदा प्रचंड चाकांचं यंत्र १६८४मध्ये उभारलं, तरी सगळी कारंजी एका वेळी उडवायला पाणी पुरेना. राजा फिरेल तिथली तेवढी सोडायची, अशी व्यवस्था होती. बीडच्या राजा भास्कराने शंभर वर्षं आधी चाकाशिवाय काम भागवलं होतं. त्याला अर्थात कारंजी उडवायची नव्हती.

वडवणी, तेलगाव करत धारूरचा घाट चढलो. बालाघाटाच्या या डोंगरावर सीताफळाची झाडं कुणी न लावता उगवतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे.

गाव ओलांडलं की धारूरचा किल्ला. तीन बाजूंनी दरी, गावाकडच्या बाजूला खंदक आणि दुहेरी तट. आदिलशहाचा सरदार किश्वरखान लारी याने १५६७च्या सुमारास तो बांधला तो निजामशाहीच्या छातीवर ठाणं म्हणून. दोनच वर्षांत मुर्तझा निजामशहा चालून आला आणि किश्वरखान इथेच मारला गेला. आत गेलो तर गवत कमरेएवढं, बुरुजावर घारी. राजवाडा, दरबार शोधू नये. फार काही उरलेलं नाही. तटाला धरून चालत गेलं की पाण्याच्या दोन जागा लागतात, गोडी दिंडी आणि खारी दिंडी. एकीचं पाणी पिण्याचं, दुसरीचं खारट, असं गावकरी सांगतात. एवढ्या उंचावर पाणी साठवायची ही खटपट पाहिली की किल्ल्याची भिस्त तोफांवर किती आणि टाक्यांवर किती, हे वेगळं सांगावं लागत नाही. बंडखोर खानजहान लोदीचा पाठलाग करत शाहजहानचा सरदार आझमखान १६३१मध्ये इथे आला तेव्हा दख्खनेत पाऊस पाठ फिरवून बसला होता. १६३० ते ३२चा तो भयंकर दुष्काळ. त्या दुष्काळातच किल्ला मुघलांकडे गेला.

उतरताना घाटाच्या वळणावर एक बाई सीताफळांची टोपली घेऊन बसली होती. शंभराला दहा म्हणाली, मित्राने बारा करून घेतली.

"मावशी, अजून किती दिवस सीताफळं?"

"फळं हाईत अजून पंधरा दिस. आम्ही न्हाई. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलीय, दिवाळी झाली की कोयता निघायचा."

"कुठे?"

"कोल्हापूरच्या अंगाला. तिकडं नदीला बारमाही पाणी हाय."

तिने एक नरम फळ वेगळं काढून दिलं. हे आजच खा म्हणाली, बाकीची तांदळाच्या डब्यात ठेवा, दोन दिवसांत पिकतील.